तेरावे अक्षर आणि बंद पाकीट

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी कराडची. माध्यमिक शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले आणि गेली तीन वर्षे कविता लिहिते आहे. व्हॉट्सॲपवरच्या एका काव्यसमूहाची मी सदस्य आहे. तिथे १८० जण आहेत. रोज सकाळी विषय दिला जातो, रात्री दहापर्यंत कविता येतात, प्रत्येकीखाली 'अप्रतिम', 'निःशब्द', 'व्वा ताई' असे अभिप्राय पडतात आणि शनिवारी सन्मानपत्रे वाटली जातात. गेल्या महिन्यात एका तरुण सदस्याने भुजंगप्रयात वृत्तात गझल टाकली. ते एसटीत वाहक आहेत. त्यांच्या एका ओळीत बाराऐवजी तेरा अक्षरे होती. मी समूहावरच गण पाडून ती चूक दाखवली. 'धन्यवाद मॅडम, शिकतो आहे,' एवढेच त्यांनी लिहिले आणि त्यानंतर काहीही टाकलेले नाही. माझ्या कवितांखालीही आता कोणी काही लिहीत नाही. चूक तर खरीच होती. मग खोटे 'वा वा' करत राहायचे का? समूह सोडू का? समूहाचा प्रातिनिधिक काव्यसंग्रह निघतो आहे, त्यात दोन पानांसाठी १,५०० रुपये मागितले आहेत, ते द्यावेत का? आणि माझी कविता बरी आहे की नाही, हे मला कोण सांगणार? एक कविता सोबत पाठवते आहे. ती छापायला माझी हरकत नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रासोबत दोन मजकूर आले. एक तुमची कविता आणि दुसरी त्या वाहक कवीची गझल, त्या ओळीसकट, जशीच्या तशी. तुमची कविता पुढे घेते, कारण तिला तुमची परवानगी आहे. त्यांची ओळ मात्र इथे छापणार नाही. ती एकदा १८० जणांसमोर तपासली गेली आहे, तेवढे तिच्यासाठी पुष्कळ झाले. त्याऐवजी त्याच घडणीची एक ओळ मी स्वतः रचली आहे. तिचे जे काही वाभाडे काढायचे ते माझे निघोत.

"जुन्या ओसरीवर कुणी बोलले ना."

आता तुमच्या पद्धतीने गण पाडू. भुजंगप्रयातात चार य-गण असतात, म्हणजे एक लघू (ऱ्हस्व, एक मात्रा) आणि दोन गुरू (दीर्घ, प्रत्येकी दोन मात्रा) अशी तीन अक्षरांची जोडणी चार वेळा येते आणि अक्षरे होतात बारा. 'जुन्या ओ' हा पहिला गण. 'न्या' हे जोडाक्षर असले तरी त्याचा आघात मागच्या 'जु'वर येत नाही, म्हणून 'जु' लघूच राहतो. दुसऱ्या गणात 'सरीवर' येते: 'स' लघू, 'री' गुरू आणि मग जिथे एक गुरू हवा तिथे 'व' आणि 'र' असे दोन लघू. पुढे 'कुणी बो' आणि 'लले ना' बिनतक्रार बसतात. अक्षरे मोजली तर तेरा भरतात. अक्षरगणवृत्ताचा, म्हणजे अक्षरांची संख्या आणि लघू-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्ताचा, नियम जसाच्या तसा लावला तर ओळ चुकली, आणि तुम्ही वर्गात ३१ वर्षे जो नियम शिकवलात तो हाच.

पण मराठी गझल लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण एका गुरूच्या जागी दोन लघू ही सूट घेतात. मात्रा दोनच राहतात, लय तुटत नाही आणि मोठ्याने म्हणताना 'वर' एका झटक्यात उच्चारला जातो. काहींना ही सूट मान्य नाही. अक्षरगणवृत्त म्हटले की अक्षरांची संख्या पाळलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. हा वाद गझलेच्या घरातला जुना वाद आहे आणि दोन्ही बाजूंना जाणती माणसे आहेत. मी स्वतः पहिल्या बाजूकडे झुकते, पण ते बाजूला ठेवा. सांगायचे इतकेच की तुम्ही जिला 'चूक' म्हणालात, ती त्या कवीने समजून-उमजून घेतलेली सूट असू शकते, किंवा नियम ठाऊक नसताना केवळ कानाने साधलेली लयही असू शकते. 'इथे तुम्ही दोन लघू मुद्दाम घेतलेत का?' असा प्रश्न विचारला असता तर उत्तरातून तुम्हालाही काही कळले असते. तुम्ही निकाल दिलात आणि निकालानंतर विचारायला काही उरत नाही.

याहून वाईट बाब अशी की अक्षरे मोजण्याच्या नादात ओळीतली खरी अडचण तुमच्या नजरेतून सुटली. माझ्या ओळीत पाहा. तेरावे म्हणून जादा ठरलेले 'वर'मधले अक्षर निर्दोष आहे. दुखते आहे ते शेवटचे 'ना'. मला म्हणायचे होते 'कुणी बोलले नाही', पण शेवटी जागा एकाच गुरूची उरली, म्हणून 'नाही'चे 'ना' झाले. बोलीत 'ना' लाडिक असतो, आग्रहाचा असतो, 'ये ना' म्हणताना येतो तसा. इथे मात्र ओसाड ओसरीचे दुःख सांगायचे असताना तो विनाकारण लडिवाळपणा करतो. याला आपण भरतीचा शब्द म्हणतो. वृत्ताची खाच भरण्यासाठी घातलेला हा शब्द वृत्ताच्या तपासणीत कधीच सापडत नाही, कारण तिथे तो अगदी नेमका बसलेला असतो. तो सापडतो अर्थ वाचणाऱ्याला. तुम्ही पाठवलेल्या त्यांच्या ओळीतही असाच एक शब्द आहे आणि तो त्या जादा अक्षरापासून चार अक्षरांच्या अंतरावर बसलेला आहे.

आता जागेविषयी. त्या दिवशी तुमचे बोलणे बरोबर ठरले असते तरी जागा चुकलेलीच होती, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

कवितेवरची दुरुस्ती आजवर कशी प्रवास करत आली, ते आठवून पाहा. गालिब दिल्लीत बसून मुन्शी हरगोपाल तफ्ता यांच्यासारख्या शिष्यांच्या रचना टपालाने घेत आणि दुरुस्त करून टपालानेच परत पाठवत. उर्दूत त्याला इस्लाह म्हणतात. आपल्याकडे सुरेश भट यांनी नव्याने गझल लिहू पाहणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती टपालाने पाठवली आणि कितीतरी अनोळखी मुलामुलींच्या गझलांवर पत्रांतून मार्गदर्शन केले. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून हस्तलिखिताची चर्चा करत. 'साभार परत' हे दोन शब्द ज्यांनी सोसले आहेत त्यांना ते अजून टोचत असतील, पण तेदेखील पाकिटात यायचे. पाकीट उघडणारा माणूस घरात एकटा असे. त्याने कपाळावर आठ्या घातल्या, कागद भिरकावला, संपादकाला मनात चार शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा उचलून वाचला, तरी या सगळ्याला साक्षीदार कोणी नसे. दुरुस्ती पचायला हा एकांत लागतो.

तुम्ही पाकीट न करता फलक लावलात. १८० माणसांसमोर एका माणसाची ओळ फोडून दाखवलीत, आणि तीही निवृत्त शिक्षिकेने वाहकाची. ताई, हे वाक्य लिहिताना मला संकोच होतो आहे, पण ते टाळता येत नाही. ते एसटीत वाहक आहेत, हे तुम्ही पत्रात का लिहिलेत, असा प्रश्न मी वाचताना स्वतःला विचारला. कदाचित तुम्हाला कौतुकच वाटले असेल की दिवसभर तिकिटे फाडणारा माणूस भुजंगप्रयातात लिहितो. पण 'धन्यवाद मॅडम, शिकतो आहे' हे उत्तर कवीने कवीला दिलेले नाही. ते बाकावर उभ्या केलेल्या विद्यार्थ्याने बाईंना दिलेले आहे. समूहाचा वर्ग तुम्ही केलात, कदाचित नकळत, आणि मग वर्गातली बाकीची मुले जशी गप्प बसतात तशी समूहातली मंडळी गप्प बसली. तुमच्या कवितांखाली कोणी लिहीत नाही, त्यात राग थोडा असेल. बराचसा धाक आहे. आपल्या 'अप्रतिम'चे गण बाई पाडतील की काय, अशी भीती.

कानाने वृत्त शिकलेल्या माणसांबद्दल एक गोष्ट जाता जाता. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवल्या, आणि त्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९५२ साली निघाला. ओवीची चाल त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवली नव्हती. तुमच्या समूहातल्या त्या गृहस्थांनी भुजंगप्रयात माधव जूलियनांचे वृत्तांवरचे पुस्तक 'छंदोरचना' उघडून शिकला असेल असे मला वाटत नाही. ऐकून, गुणगुणून, कदाचित शेवटच्या फेरीला रिकाम्या गाडीत स्वतःशी म्हणत शिकला असेल. अशा माणसाला लघू-गुरू सांगण्याआधी त्याची ओळ त्याच्याच तोंडून ऐकायला हवी होती. व्हॉट्सॲपवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवण्याची सोय आहे, आणि कवितेसाठी ती सोय मला त्या सगळ्या फुलांच्या आणि टाळ्यांच्या चित्रांपेक्षा मोलाची वाटते. ओळ ऐकली की पुष्कळदा कळते, वृत्त कुठे मोडले आणि कुठे फक्त वाकले.

'वा वा'विषयी तुमच्या मनात जो तिटकारा आहे तो मला कळतो, पण मला तो पूर्णपणे पटत नाही. आपण दाद आणि अभिप्राय या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आहेत. दाद ही मैफलीतली. ती त्या क्षणी उमटते, तिला कारण द्यावे लागत नाही आणि ती माणसाला पुढचा शेर म्हणायचे बळ देते. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले तेव्हा सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरे नावाच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवले. तिथे कोणी त्याच्या ओळींची चिरफाड करत बसले नाही आणि ते योग्यच झाले. अभिप्राय ही वेगळी गोष्ट आहे. तो दुसऱ्या वाचनानंतर येतो, सावकाश येतो आणि त्याला कारणे लागतात. सभेत अभिप्राय मागू नये, आणि एकांतात नुसती दाद देऊन मोकळे होऊ नये.

तुमच्या समूहात जे चालते ते मात्र दादही नाही, हेही मान्य करते. दादेला ऐकणारा लागतो. सकाळी सात ते रात्री दहा या वेळात साठ-सत्तर कविता येत असतील तर त्या वाचणार कोण? तिथे चालतो तो आहेर. लग्नात कोणी किती आहेर केला याची वही घराघरांत ठेवतात आणि त्यांच्या घरच्या कार्यात तो फेडतात, तशी इथे 'अप्रतिम'ची वही असते. ती लिहिलेली नसली तरी प्रत्येकाच्या लक्षात असते. काल त्यांनी मला दोन फुले दिली, आज मी त्यांना दोन फुले देते. ('निःशब्द' या अभिप्रायाची मला विशेष गंमत वाटते. निःशब्द झालेल्या माणसाने निदान तेवढा शब्द तरी टाळायला हवा होता.) आहेर वाईट नसतो. त्याने नाती टिकतात, एकट्या पडलेल्या माणसांना रोज कोणीतरी हाक मारते, आणि मुले परगावी गेलेल्या कित्येक घरांत दुपारी कवितेचा विषय हाच काय तो बाहेरून येणारा आवाज असतो. फक्त आहेरातल्या पाकिटावरून कोणी आपली लायकी ठरवू नये.

म्हणून समूह सोडू नका. जी कविता खरोखर आवडली तिलाच दाद द्या, पण ती देताना कवितेतला एखादा शब्द उचलून द्या: 'तिसऱ्या ओळीतला विस्तव आवडला', इतके पुरे. एवढ्याने समोरच्याला कळते की कोणीतरी शेवटपर्यंत वाचले. न आवडलेल्या कवितेखाली गप्प राहण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि तो खोटेपणा नव्हे. सन्मानपत्रे हवी तर साठवा, पण मोजू नका.

खऱ्या अभिप्रायासाठी वेगळी, लहान बैठक लागते. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ हा कवींचा गट स्थापन झाला. रविवारी चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या त्या मंडळींच्या बैठकीला 'सन-टी क्लब' असे नाव पडले होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे अशी मोजकी माणसे एकमेकांना कविता वाचून दाखवत. त्यांच्या कवितेविषयी पुढे पुष्कळ भले-बुरे लिहिले गेले. काव्यगायनाची चेष्टाही झाली. मला त्यातली भावते ती संख्या. एका चहाच्या भांड्यात भागेल इतकीच माणसे. व्हॉट्सॲपच्या एका समूहात आज १,०२४ जण मावतात, पण एक कविता नीट वाचायला पाचाहून जास्त माणसे एकत्र येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा चार-पाच जण निवडा. सगळे कवी नसावेत. एखादी व्यक्ती अशी असू द्या जी कविता लिहीत नाही, फक्त वाचते, कारण लिहिणारा दुसऱ्याच्या ओळीत आपली ओळ शोधत असतो. आठवड्याला एकच कविता घ्या. ज्याची कविता असेल त्याने ती स्वतःच्या आवाजात पाठवावी आणि मग दोन दिवस काही बोलू नये. 'मला असे म्हणायचे होते' हे वाक्य तर मुळीच नको, कारण म्हणायचे होते ते कवितेत आले असेल तर ते सांगावे लागणार नाही आणि आले नसेल तर सांगून उपयोग नाही. बाकीच्यांनी आधी फक्त आपल्याला काय ऐकू आले ते लिहावे: कोणते चित्र दिसले, कुठे थबकायला झाले, कोणता शब्द दुसऱ्या दिवशी आठवला. दोष त्यानंतर, आणि एका वेळी एकच, जो सगळ्यांत आतला वाटतो तो. वृत्ताचा हिशेब सर्वांत शेवटी करावा, आणि तोही विचारला तर.

दुसऱ्याची ओळ सुधारून देण्याचा मोह मात्र आवरायचा. यात मीच मोठी गुन्हेगार आहे. पूर्वी काही वर्षे मी एका छोट्या नियतकालिकासाठी कविता निवडण्याचे काम करत असे. एका मुलीच्या कवितेतली शेवटची ओळ मला लंगडी वाटली, ती मी बदलून कळवली आणि तिला न विचारताच छापून टाकली. ओळ चांगली झाली होती, असे मला अजूनही वाटते. तिने अंक मिळाल्याचे कार्ड पाठवले आणि लिहिले, 'कविता छान आली आहे, पण ती माझ्या आईबद्दल होती आणि आता तिच्याबद्दल राहिलेली नाही.' त्यानंतर तिने आमच्याकडे काही पाठवले नाही. वर मी रचलेल्या ओसरीच्या ओळीतला 'ना' काढायला मला आत्ताही दोन मिनिटे लागत नाहीत: 'जुन्या ओसरीवर न कोणीच बोले.' वृत्तात बसली, लाडिकपणा गेला. पण ही ओळ एखाद्या दुसऱ्या कवीची असती तर ती आता त्याची राहिली नसती. गालिबांच्या शिष्याने आपली ओळ उस्तादांच्या हवाली केलेली असे, तो करार दोघांना मान्य होता. आपल्यात तसा करार झालेला नाही.

संग्रहाचे पैसे द्यायचे की नाहीत, हे तुम्ही त्याला काय समजता यावर ठरवा. सहलीच्या फोटोसाठी वर्गणी देतो तसे देणार असाल तर अवश्य द्या. मित्रमंडळींसोबत एका पुस्तकात नाव असण्याचा आनंद खरा असतो. पण आपली कविता निवडली गेली, असा समज करून घेऊ नका. संपादकाने किती कविता नाकारल्या ते विचारा. उत्तर 'एकही नाही' असेल तर तिथे निवड झालेलीच नाही. प्रती किती मिळणार ते लेखी घ्या. आणि हक्कांविषयी छापील कागदावर सही मागितली तर वाचून करा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे कविता लिहिली त्या क्षणी तिचा स्वामित्वहक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. दोन पानांसाठी तो देऊन टाकायचे कारण नाही.

आता तुमची कविता.

"गेली शाळा सुटूनिया, फळा राहिला पुसून;
खडू बोटांना लागला, जाई कसा तो धुऊन?

आठवणींच्या खडूने, जीवनाच्या फळ्यावर
लिहिले मी किती सारे, उरे प्रेम खरोखर."

पहिल्या कडव्यात काय ऐकू आले ते आधी सांगते. एक रिकामा वर्ग आणि नळाखाली धरलेला हात दिसला. निवृत्तीचा शब्दही न काढता तुम्ही निवृत्ती लिहिलीत. 'जाई कसा तो धुऊन' हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना आठवला, आणि एवढे झाले की माझ्या दृष्टीने कविता घडली. 'मला कोण सांगणार' असे तुम्ही विचारलेत. या दोन ओळींपुरते मी सांगते की बरी आहे, बरीपेक्षा जास्त आहे.

दुसरे कडवे नको होते. 'आठवणींचा खडू' आणि 'जीवनाचा फळा' म्हणताच तुमच्या बोटांवरचा खरा, पांढरा, कोरडा खडू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी सुविचाराच्या फळ्यावरचा खडू आला. तुम्ही पत्राच्या मागे लिहिले आहे की समूहात सर्वांत जास्त कौतुक 'जीवनाच्या फळ्यावर' या ओळीचे झाले, बारा जणांनी ती उद्धृत केली. मला घाऊक कौतुकाची भीती वाटते ती याचसाठी. ते खोटे असते म्हणून नव्हे. ते खरे असते, पण ओळखीच्या ओळीला मिळते. आधी शंभरदा ऐकलेली उपमा वाचणाऱ्याला चटकन हाताशी लागते, तिला फूल मिळते, आणि मग पुढच्या कवितेत आपलीही बोटे आपोआप जीवनाच्या वाटेवर, मनाच्या अंगणात आणि स्वप्नांच्या गावात जाऊ लागतात. नळाखालचा हात एकटा पडतो, कारण त्याला कोणी फूल दिले नाही.

आणि राहिले 'सुटूनिया'. अष्टाक्षरीत आठ अक्षरे भरायची होती, 'सुटून' म्हटले तर सातच होत होती, म्हणून 'सुटूनिया' आले. तुमच्या बाकीच्या ओळी आजच्या घरातल्या बोलण्यात आहेत आणि हा एक शब्द जुन्या पोथीतून उठून येऊन बसला आहे. अक्षरे मोजली तर बरोबर आठ. म्हणजे त्या वाहक कवीच्या ओळीत जो शब्द तुमच्या नजरेतून सुटला, त्याच जातीचा शब्द तुमच्या पहिल्याच ओळीत आहे, आणि १८० जणांत एकालाही तो खटकला नाही. खटकला असेल तर त्याने सांगितले नाही.

त्या गृहस्थांना लिहायचेच आहे तर समूहावर लिहू नका. त्यांच्या एकट्याच्या क्रमांकावर लिहा. लांबलचक माफी नको, तिने त्यांना पुन्हा विद्यार्थी केल्यासारखे होईल. त्यांच्या गझलेतला जो शेर तुम्हाला खरोखर आवडला असेल तो आधी लिहा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरावरून तसा एक आहे, हे मला दिसते. मग इतकेच लिहा की त्या दिवशी ते सर्वांसमोर मांडायला नको होते, आणि त्या ओळीतले दोन लघू तुम्ही लयीसाठी घेतले होतेत का, हे मला समजून घ्यायचे आहे. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. उत्तर आले तर खडूचे पहिले कडवे तुमच्या आवाजात त्यांना पाठवा, दुसरे पाठवू नका, आणि 'सुटूनिया'च्या जागी त्यांच्या कानाला काय बसते ते विचारा. त्यांची शेवटची फेरी किती वाजता संपते ते आधी विचारून घ्या. गाडी आगारात लागल्यावर निवांत ऐकता येईल, अशा वेळी पाठवा.